लेकीच्या पायाचा साचा कुठे आहे

नाव विचारू नका, ते वरच्या रकान्यात तुम्ही आधीच लिहून ठेवलंय. मला बोलवायच्या आधी लिहिलंत म्हणजे कोणीतरी सांगितलंच असणार. वय पन्नाशीला टेकलेलं, नक्की जन्मसाल आईलाही माहीत नव्हतं. शिक्षण दुसरी, तीही अर्धी. धंदा झाडलोट, पुसणं, चहा देणं, दाराची किल्ली सांभाळणं. जागा, कृत्रिम पाय बनवायचा कारखाना. राहायला कारखान्याच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, लेकीसोबत. नवरा वारला.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून सांगते ते असं. लिहून घेणाऱ्या हवालदार दादांना मी आधीच बजावलंय की मी बोलते तसंच लिहा. दोनदा त्यांनी "सदर इसम" घातलं, मी दोनदा खोडायला लावलं. आमच्याकडे कोणी सदर इसम नाही. व्यवस्थापक साहेब आहेत, मिस्त्री आहेत, आणि आराखडा आहे.

आराखडा म्हणजे कॉम्प्युटर कंपनीचा माणूस. त्याचं खरं नाव मला ठाऊक नाही. बोलताना दर वाक्यात "आपल्या आराखड्याप्रमाणे" म्हणतो म्हणून मिस्त्रींनी ते नाव पाडलं. माणूस वाईट नाही, चहाचा कप स्वतः उचलून ठेवतो.

आमच्याकडे काम कसं चालतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. ज्याचा पाय कापलाय त्याच्या उरलेल्या पायाचं प्लास्टरमध्ये माप घेतात. त्यातून एक पांढरा ठोकळा तयार होतो, हुबेहूब त्या पायासारखा. त्याला आम्ही साचा म्हणतो. मिस्त्री तो साचा घासतात, कुठे भर घालतात, आणि भट्टीत तापवलेला प्लास्टिकचा पत्रा त्यावर ओढून पाय बनवतात. पाय कधी ना कधी झिजतो, तडकतो. साचा असला की तसाच दुसरा करता येतो. म्हणून साचे फेकायचे नसतात. मागच्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत फळ्यांवर साचेच साचे. त्यांची धूळ मी पुसते.

आता हे सगळं नव्या कॉम्प्युटरवर जायचं ठरलं. जुना कॉम्प्युटर सुरू व्हायलाच इतका वेळ लावायचा की मिस्त्री त्याला "आजोबा, उठा" म्हणायचे. तयारीच्या बैठका झाल्या. चहा मीच देत होते म्हणून मी ऐकलंय. पहिल्या बैठकीत ठरलं की एकेक साचा कॅमेऱ्यासमोर फिरवायचा आणि त्याचा आकार आजोबांत भरून ठेवायचा. तसं केलं, पुष्कळ दिवस चाललं ते. दुसऱ्या बैठकीत ठरलं की नंतर आजोबांमधलं सगळं नव्यात उतरवायचं, त्याला शुक्रवार संध्याकाळ ते रविवार लागेल. आणि आराखडा स्पष्ट म्हणाला, मी बिस्किटांची बशी ठेवत होते तेव्हाच म्हणाला, "नव्यात सगळं नीट दिसतंय हे मिस्त्रींनी तपासून सांगेपर्यंत एकही साचा हलवायचा नाही. आपल्या आराखड्यात तसंच आहे."

साहेब म्हणाले, "हो हो, अर्थात."

ते हो हो लक्षात ठेवा.

गुरुवारी सकाळी मी गेले तर मागची खोली रिकामी. फळ्या होत्या, वर काही नव्हतं. जमिनीवर पांढरा चुरा, दाराबाहेर टायरचे माग. मिस्त्री दारात उभे. मी विचारलं, "मिस्त्री, हे काय?" म्हणाले, "ट्रक आला होता, साचे फोडून नेले. इथे लोकांना बसायला खोली करायचीय." मी म्हटलं, "आराखड्याला विचारलं का?" ते म्हणाले, "बाई, झाडू घे." तो चुरा मी झाडला. पाच खेपा झाल्या टोपलीच्या. त्यात माझ्या लेकीच्या पायाचा किती होता ते सांगता येणार नाही.

लेकीचं सांगायचं राहिलं. लहानपणी अपघातात तिचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. कापडाच्या दुकानात कामाला आहे, दिवसभर उभी. पहिले चार पाय तिला लागले, म्हणजे टोचले, जखमा झाल्या. पाचव्याला मिस्त्रींनी साचा इतका घासला की त्यांची बोटं सोलली, आणि तो पाय बसला. त्या दिवशी तिने साच्याच्या वरच्या कडेला निळ्या पेन्सिलीने "माझा" असं लिहिलं. मिस्त्री हसले, म्हणाले, "कोण नेतोय तुझा?" तो पाय आता घोट्याजवळ तडकलाय. चिकटपट्टी गुंडाळून चालते. नवा करायला मिस्त्री आता तोच साचा काढणार होते.

शुक्रवारी आजोबांमधून नव्यात भरणं सुरू झालं. आराखड्याने कॉम्प्युटरवर कागद चिकटवला, "बंद करू नये". आता आमच्याकडचा एक रिवाज. भट्टीमुळे मागे एकदा एक टेबल जळालं होतं. तेव्हापासून साहेबांचाच हुकूम आहे की शेवटी जो निघेल त्याने दाराजवळचा मेन स्विच खाली ओढायचा. भिंतीवर लाल रंगात लिहिलंय. रोज शेवटी मीच असते, मीच ओढते. आता हात आपोआप जातो, चप्पल घालायच्या आधी. बैठकांमध्ये या खटक्याचं कोणाच्याच तोंडून निघालं नाही. माझ्याही नाही. चहा देणारीला मध्ये बोलायला कोण सांगतं?

पण त्या शुक्रवारी शेवटी मी नव्हते. नेहमीच्या वेळी भांडी विसळली तर साहेब म्हणाले, "तू जा घरी, किल्ली दे, आज मी लावतो कुलूप." इतक्या वर्षांत साहेबांनी कुलूप कधी लावलं नाही. त्यांना ते कुलूप कुठल्या बाजूला फिरतं हे मी दाखवलं. मी निघाले तेव्हा आत साहेब, मिस्त्री आणि आराखडा. नंतर मी मिस्त्रींना विचारलं, शेवटी कोण होतं? ते म्हणाले, "मी आणि तो पोरगा एकदमच निघालो, बसस्टॉपपर्यंत बरोबर होतो." म्हणजे मागे कोण राहिलं ते तुम्ही मोजा. मी म्हटलं, "हे ठाण्यात सांगाल?" तर म्हणाले, "माझी नोकरी थोडी राहिलीय, बाई." आणि पकडीला तेल लावत बसले.

शनिवारी सकाळी कारखाना उघडला तर मेन स्विच खाली. नवा कॉम्प्युटर अर्ध्यावर थांबलेला. आजोबा पुन्हा उठलेच नाहीत. आराखडा डोक्याला हात लावून जमिनीवर बसला होता. तो म्हणाला, "आजोबांची दुसरी प्रत सोमवारी घ्यायची होती." म्हणजे अर्ध्या लोकांच्या पायांचे आकार गेले, त्यात माझ्या लेकीचाही. साचे असते तर परत फिरवून भरले असते. पण साचे गुरुवारीच गेलेले.

त्याच दुपारी साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं की झाडलोटवालीने सवयीने बटण बंद केलं. माझ्याकडे बघून नाही सांगितलं. भिंतीकडे बघून. तुमच्याकडे सोमवारी साहेबांची जी तक्रार आलीय त्यात "सवयीने" हा शब्द नाही, त्यात "मुद्दाम" आहे असं मला दादांनी आता वाचून दाखवलं. शनिवारी सवय होती, सोमवारी मुद्दाम झालं. मधल्या रविवारी काय झालं ते आता लिहा.

रविवारी साहेब माझ्या घरी आले. पहिल्यांदाच. जिना चढून दमले होते. मी चहा टाकला, तो त्यांनी घेतला नाही. लेक आतल्या खोलीत होती, पाय काढून बसली होती.

साहेब म्हणाले, "हे बघ, एवढंच म्हणायचं की तू परत आली होतीस, डबा विसरली होतीस, आणि जाताना हात गेला. माणसाच्या हातून होतं. तुला कोणी काढणार नाही, ते मी बघतो."

मी म्हटलं, "किल्ली तुमच्याकडे होती. मी काय खिडकीतून आले?"

"किल्लीचं मी बघतो."

"आणि माझा डबा घरीच होता."

"अगं, डब्याचं कोण तपासतंय!" मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुझ्या मुलीचा पाय तडकलाय ना? तिचा सगळ्यात आधी करू. सगळ्यांच्या आधी."

मी विचारलं, "साचा नाही तर कशावर करणार?"

तर साहेब काय म्हणाले? "तिचा साचा आहे. बाजूला ठेवलाय."

"कधी ठेवला?"

"आधीच."

"आधीच म्हणजे कशाच्या आधी?"

साहेब उठले. बूट घालताना त्यांना नाडी सापडेना. जाताना म्हणाले, "विचार कर. मुलीचा विचार कर." त्याच्याशिवाय मी दुसरं काय करते, हे मला विचारायचं होतं. ते तोवर खाली उतरले होते.

आता यात काय आहे ते मला कळत नाही आणि तुम्हाला कळत असेल तर तुम्ही सांगत नाही. ट्रक भरायच्या आधी साचा बाजूला ठेवला असेल तर बाकीचे जाणार आहेत आणि परत लागणार आहेत हे साहेबांना आधीच माहीत होतं, आणि उद्या कोणाचं तोंड बंद करायला तो उपयोगी पडेल हेही माहीत होतं. ठेवला नसेल तर साहेब माझ्याशी खोटं बोलले, आणि मी हो म्हटलं असतं तर नोकरी गेली असती, नाव गेलं असतं आणि पायही मिळाला नसता. दोन्हींतलं कुठलं ते मला हवंय. शुक्रवारी हाताच्या सवयीने त्यांनीच खटका ओढला असेल तर तसं म्हणावं. मी एक शब्द बोलणार नाही, माझाही हात तसाच जातो. पण साचे फोडायचा हुकूम हाताच्या सवयीने देता येत नाही.

साहेब गेल्यावर लेक आतून म्हणाली, "आई, हो म्हण ना. बटण बंद केलं म्हणून काय फासावर चढवतात?" मी म्हटलं, "चहा निवला, घेतेस का?" ती म्हणाली, "मला उभं राहायचंय गं." मी तो चहा ओतून टाकला.

मी हो म्हटलेलं नाही. खटका मी ओढलेला नाही. हे दोन्ही मोठ्या अक्षरात लिहा.

आज सकाळी मी आले तेव्हा साहेब तुमच्या आतल्या खोलीतून बाहेर पडत होते आणि त्यांच्यासाठी खुर्ची होती. माझ्यासाठी बाक आहे. त्याबद्दल तक्रार नाही, बाकाची मला सवय आहे. पण तुम्ही त्यांना "आधीच म्हणजे कशाच्या आधी" हे विचारलंत का, एवढंच बघायचंय.

लेक माझ्याबरोबर आली आहे, बाहेर बसलीय. तिला आत बोलावू नका. तिला जिना चढायला लावू नका. तिचा पाय आज सकाळी आणखी तडकलाय.

वरचं सगळं दादांनी मला सावकाश वाचून दाखवलं, मी मध्ये तीन जागी थांबवून दुरुस्त करून घेतलं. आता ते माझ्याच तोंडचं आहे, कोणी पढवलेलं नाही. सही मला येते, अंगठा नको. पण सहीच्या वर आणखी एक ओळ लिहा, मगच पेन माझ्या हातात द्या: येत्या बुधवारपर्यंत, निळ्या पेन्सिलीने "माझा" लिहिलेला साचा या टेबलावर आणून दाखवा, नाहीतर तो कोणी, कोणाच्या सांगण्यावरून फोडला त्याचं नाव सांगा. बुधवारी मी येते. लेकीला घेऊनच येते.