चौथं पान

— नाही, कुणीच नाही विश्वास ठेवला. एकानंही नाही, बाई. तीन रविवार झाले, घसा फोडून सांगतेय की माझ्या पोरीच्या उपदेशाचं चौथं पान चोरीला गेलं, तर पाळक म्हणतात, ‘घरी विसरली असेल.’ विसरली? जी पोरगी कुलूप लावून तीनदा ओढून बघते, ती पान विसरेल? बसा ना. ती खुर्ची नको, तिचा एक पाय लुळा आहे — पाळकांचे झगे टांगलेत ना, त्यांच्याशेजारची घ्या. आणि पाय जरा वर, फरशी ओली आहे. तुमच्या त्या पाळक घडवणाऱ्या सेमिनरीनं चौकशीला माणूस पाठवलं ते बरं केलं, पण आधीच सांगते, मला गोड बोलून गुंडाळायला आल्या असाल तर बादली भरलेलीच आहे.

तुमच्या कागदावर काय लिहिलंय ते ठाऊक आहे मला. ‘पाचारण स्पष्ट नाही.’ म्हणजे देवानं हिला पाळक व्हायला बोलावलं की नाही ते कळत नाही — असंच ना? चौथीपर्यंतच शिकलेय, पण एवढं कळतं. आता मला सांगा, ‘मला देवानं का बोलावलं’ हे उपदेशात शेवटीच सांगायचं असतं ना? आणि शेवटचंच पान गेलं! मग स्पष्ट कुठून होणार, माझ्या केरसुणीतून? आणि तेवढ्यावरून पोरीला दार बंद. पाच वर्षं रविवारशाळेत शिकवलं, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या उशाशी बसून शास्त्र वाचलं, ते गेलं पाण्यात.

ऐका, काय झालं ते सांगते. आमच्याकडे थोरल्या पाळकांपासूनची रीत आहे — सेमिनरीत जाऊ बघणाऱ्यानं शनिवारी दुपारी आपला उपदेश, पाळक उभे राहतात त्या पुलपीटवरच्या मोठ्या पवित्र शास्त्राखाली ठेवायचा, आणि उपासनेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. ज्याचा त्यानंसुद्धा नाही. वचनाखाली दबून राहिलं की फुगलेलं असतं ते खाली बसतं, असं म्हणायचे ते. तर ठेवली तिनं चार पानं. रविवारी निघाली तीन. आता चर्चच्या किल्ल्या किती? तीनच. एक पाळकांकडे, एक ऑर्गनवालीकडे, एक माझ्या कमरेला. पाळक शनिवारी तापानं फणफणलेले, उठून पाणी प्यायची ताकद नाही. मग राहिलं कोण? लिहा ना! पेन हातात कशाला धरलंय? शाईनं लिहा — ऑर्गनवाली.

लिहिलंत? हां. माझी सख्खी नणंद आहे ती, म्हणून काय तोंडाला कुलूप लावू? उलट म्हणूनच सांगते. माझा नवरा दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होता, मी चार दिवसांची जागी, बाकावर जरा डोळा लागला — आणि हिनं मला उठवलं नाही. ‘वहिनी, तू दमली होतीस गं.’ दमली होतीस! मी उठले तेव्हा त्याचे हात गार पडले होते. अकरा वर्षं झाली. मला न हलवलेल्या त्या बोटांनी ती देवाची गीतं वाजवते आणि मंडळी डोळे मिटून डोलते. इथं शिकवतात की तारण कृपेनं होतं, कर्मानं नाही. असेल बाई, पण फरशी मात्र कर्मानंच पुसावी लागते, तिथं कृपा कधी बादली उचलायला आली नाही.

शनिवारी आली होती ना ती, गीतं घोळवायला. मी वेदीचं कापड बदलत होते, तासभर ऐकत होते. पुलपीटकडे गेली का? — आता सारखं सारखं मी काय तिच्याकडे बघत बसू? पाठ होती तिची. वाजवत होती. वाजवून झालं, गेली. थांबली नाही. पण थांबली नाही म्हणून काय झालं! कारण तर तिलाच होतं. पानात तिचंच आलं होतं — की आई आत्याला क्षमा करत नाही म्हणून अकरा वर्षं प्रभुभोजन घेत नाही, द्राक्षरसाचा प्याला आरशासारखा पुसते पण ओठाला लावत नाही, सगळे पुढं जाऊन गुडघे टेकतात तेव्हा ही मागच्या दाराशी बादली घेऊन —

काय?

मला कसं ठाऊक? सांगितलं असेल पोरीनं. आई आहे मी तिची. घरात महिनाभर घोकत होती, भाजी चिरता चिरता तीन पानं मलाही पाठ झाली... चौथ्याला मात्र मी आले की तोंड मिटायची. अशा बघू नका माझ्याकडे. शास्त्रावर धूळ होती. धूळ पुसायची की नाही? उचललं तर खाली ‘माझी आई’ असं लिहिलेलं. कुणीही वाचलं असतं. मी बोट ठेवून ठेवून वाचते, बाई, मला वेळ लागतो. सगळ्या मंडळीपुढं माझं धुणं धुणार होती! तिच्यापुढं! ऑर्गनच्या स्टुलावर बसून ती रडली असती, आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं असतं, आता ही काय करते म्हणून.

पण पोरीला पाठ होतं ना. पान नसलं म्हणून काय अडलं? तिसरं पान उलटलं, खाली काही नाही — आणि तिनं वर बघितलं. शाल पांघरून आलेल्या पाळकांकडे नाही, ऐकायला आलेल्या तुमच्या लोकांकडे नाही. मागच्या दाराकडे. माझ्याकडे. मग म्हणाली, ‘आमेन,’ आणि उतरली खाली. तेव्हापासून घरी माझ्यासाठी चहा करून ठेवते रोज, न सांगता.

शेवटची ओळ सांगू? ‘मला पाळक व्हायचंय, कारण एक दिवस तो प्याला मला माझ्या हातानं आईच्या हातात द्यायचाय.’ एवढंच. हेच हवं होतं ना तुम्हाला? हेच स्पष्ट नव्हतं ना?

ते फळ्यावर लावायच्या गीतांच्या आकड्यांचं डबडं द्या इकडं. नऊच्या आकड्यांखाली आहे ते पान. घ्या. ओलं नाही, घडीची सुरकुती आहे ती. आणि आता उठा, मला तुमच्या खुर्चीखालचं पुसायचंय. आधी ते ‘ऑर्गनवाली’ खोडा. नीट खोडा, वाचता येऊ नये असं. हां. आता लिहा —

तिची आई.