थाळी वाजल्यानंतर

थाळी वाजली आणि सगळ्या बाया मला तशीच टाकून मुलगा बघायला ओटीवर धावल्या, सुईणसुद्धा गेली, कारण मुलगा झाला की पहिलं लुगडं तिला मिळायचं, आणि इकडे माझ्या पोटात पुन्हा कळ उठली. मी हाका मारल्या. त्या थाळीच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार? दुसरं मूल मी एकटीनंच गोणपाटावर घेतलं. बघितलं, तर मुलगी.

मी मूळची ओवे गावची, बाप मिठागरावर, माझी शाळा चौथीपर्यंत. लग्न होऊन पनवेलजवळ आले, तिथंही मिठागरच. आधीच्या दोन मुलीच होत्या. खोटं कशाला बोलू, मीही देवाकडे मुलगाच मागत होते. मुलगी म्हणजे काय, आधी बापाच्या घरचं मीठ डोक्यावर वाहायचं, मग नवऱ्याच्या घरचं. टोपलीतून खारं पाणी मानेवर गळतं आणि कातडी सोलून निघते. माझी बघा, अजून खरखरीत आहे.

तर सुईण परत आली, मुलीला बघून हसली, म्हणाली, अगो बाय, घोड्याबरोबर शेपूट पन आलंय. सासूला हसू आलं नाही. ती म्हणाली, दूध पोराला पाज, त्याचं भरलं की उरलं तर हिला. मीही तसंच केलं. मुलीला गुळाच्या पाण्याचा बोळा चोखायला द्यायचे.

मुलाचं कौतुक काय सांगू तुम्हाला. गावातल्या सगळ्या बाया आल्या, प्रत्येकीनं मांडीवर घेतला, मुके घेतले, एक खोकणारी चुलतसासूही त्यात होती. दार लावून सकाळ-संध्याकाळ त्याला ओव्या-शेपांची धुरी. मुलीला धुरी नको, ओवा महाग आहे म्हणे. ती मागच्या पडवीत सुपात पडून असायची, तिथं वारा यायचा. चौथ्या दिवशी मुलगा खोकायला लागला. सासूनं धुरी वाढवली. पाचव्या दिवशी नवरा मिठागरावरून आला, बैलगाडी जोडली, पोराला घेऊन पनवेलला डॉक्टरकडे निघाला, वाटेतच मूल गेलं.

सासूनं छाती बडवली. म्हणाली, ह्या पोरीनंच खाल्ला माझा नातू. माझे ऊर दुधानं दगड झाले होते. मी मुलीचं सूप ओढलं तर तिनं माझा हात धरला, म्हणाली, मेलेल्याच्या वाटणीचं दूध तिला देऊ नको, भिंतीवर पिळ. लग्नाला आठ वर्षं झाली होती, तिच्यापुढे मी कधी तोंड उघडलं नव्हतं. मी म्हटलं, आय, दूध माझं हाय, वाटणी कोणी केली? नवरा दारातच होता. त्यानं आईचा हात सोडवला. मी मुलीला घेतलं. ती अशी ओढायला लागली, की दुखलं मला.

नंतर मला मूल झालं नाही. सासू मरेपर्यंत बोलली, मी ऐकलं. त्या मुलीनंही मीठ वाहिलं, मग उरणला दिली. तिला पहिली मुलगी झाली तेव्हा ती माझ्यासमोर रडली. मी बाळाला तेवढं तिच्या छातीशी लावलं.

त्या बाळंतपणात मला दोन मुलं झाली. मुलगा पाच दिवस जगला. मुलगी जगली.