सरांच्या पाटीवरचा अर्थ

नाही ताई, इकडून बोला, उजव्या बाजूनं — डावा कान चालत नाही माझा. हं, आता सांगा. पितळेची पाटी, वर सरांचं नाव, खाली इंग्रजी अक्षरांत 'अहिंसा'. आणि तुम्ही सरांची थोरली ना? ओळखलं मी. नाक तेच. इंग्रजीत कशाला पण? स्मारकाच्या उद्‌घाटनाला परदेशी पाहुणे येणार म्हणून? वा! आणि त्याखाली अर्थ — मनानं, वाचेनं, हातानं कुणालाही न दुखावणं — तोही इंग्रजीत, समितीनं बसून ठरवलेला. बरं. पण या कागदावर बघा, एकदा मधे एम लिहिलाय, एकदा एन. कोरू काय? काय? दोन्ही चालतं?

चालतं! शी! आता चालतं! अहो, मी एन लिहिला होता, सहावीत असताना, फळ्यावर, अख्ख्या वर्गासमोर. हाच शब्द. चुकलेल्या एका अक्षराला एक थप्पड, असा सरांचा हिशेब. उजवा हात त्यांचा, म्हणजे लागायचं कुठं? डाव्या कानावर. दुसरं काही नाही, फक्त शिट्टी वाजल्यासारखं झालं, आणि ती शिट्टी थांबली तेव्हा त्या कानाचं ऐकूही गेलं, कायमचं. आईला सांगितलं, पोहताना पाणी गेलं कानात. बायकोलासुद्धा आजतागायत पाणीच माहीत आहे — आणि तुम्हाला कशाला सांगत बसलोय मी? पण किळस येते हो! चाळीस वर्षं मुलांना बडवायचं आणि मेल्यावर पितळेत चमकायचं. सोनाराकडून कान टोचून घ्यावेत म्हणतात, आम्ही ते गुरुजींकडून फोडून घेतले. हसताय? नाही हसत.

ठीक आहे, धंदा आहे माझा, पैसे दिलेत तर काहीही कोरीन — नाही, खोटं बोललो. हे नाही कोरणार. दुसरीकडे जा, चौकात दोघं आहेत, छान अक्षर काढतात. काय? मोठ्यानं बोला. मीच मोठ्यानं बोलू? यंत्राचा आवाज आहे म्हणून? अहो, यंत्र तर तुम्ही आलात तेव्हाच बंद केलं मी.

थांबा. मघापासून बघतोय, मान वळवून उजवा कान पुढं करताय तुम्ही. माझ्यासारखाच.

डावा?

तुम्ही काय सांगितलं होतंत घरी? — नाही. घर तर सरांचंच होतं.

हा तुमचा कागद घ्या. या तुम्ही, ताई. दुकान बंद आहे आज.