सुमालीच्या घरचा पाहुणा

थायलंडमधल्या उदोन थानीच्या इमिग्रेशन ऑफिसात परदेशी हेंड्रिक आणि त्याची थाई बायको सुमाली रांगेत भांडत होते.

"चार दिवस लाओसला जाऊन आलो, तर परदेशी माणूस मुक्कामाला आलाय अशी वर्दी तू द्यायची? घर मी बांधलंय!"

"माझ्या नावावर आहे. परदेशी माणसाला इथे जमीन घेता येत नाही, माहितीये ना? वर्दी मालकानेच द्यायची."

"म्हणजे मी पाहुणा?"

"ओरडू नकोस! तुझी आई गेली तेव्हा तुझ्या देशाने मला व्हिसा नाकारला."

"तो नियम काय मी केला होता?"

"मग हा मी केलाय? मी निदान दरवेळी इथे येऊन सांगते, हा माझ्या घरी राहतो म्हणून. तू तेव्हा मुकाट्याने एकटाच विमानात बसलास."