छत्रीवरची पाखरं

…आन् वर तो डिशच्या कंपनीतला माणूस फोनवर मलाच इचारतो, "सर, आपने बॉक्स बंद करके चालू किया क्या?" अरं बाबा, बंदच हाय त्यो! रिचार्ज संपून आठ दिस झालं, पिन भिंतीतनं उपसून माझ्या हातात हाय, आन् तरी रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागलाय, त्याचं काय करू ते सांग की! तर म्हणतो, "सर, और कोई सहायता?" आता याच्याकडं कसली सहायता मागायची? छत्रीवर बसलंय ते हाकल म्हणू? तुमाला सांगतो, मी असलं काय मानणारा माणूस न्हाई, राव. पण सात वाजले की…

थांबा, पहिल्यापास्नं सांगतो, न्हाईतर तुमी म्हणाल सावळेराम टाकून आलाय.

आमची ठमाआत्या. आई गेली तवा मी दीड वर्साचा, तवापास्नं आत्यानंच वाढवला मला. आत्याला नाद एकच, सात वाजताची मालिका. आन् तिची जोडीदारीण द्रौपदामावशी, पल्याडच्या वस्तीवरली. एकीनं बघितलं आन् दुसरीनं न्हाई, असं चालायचंच न्हाई! पण आमची पिंपरी पेंढार म्हंजे चहूकडनं ऊस, आन् सात वाजता उसातनं बिबट्या फिरायला निघतो. म्हातारी यायची कशी? म्हणून मी जुन्नरला रविंद्रच्या दुकानात गेलो. तो काय इचारतो? "लाल छत्री का निळी? स्पोर्ट्स पाहिजे का? एचडी पाहिजे का?" म्हणलं, "मला बिबट्यावर इलाज पाहिजे!" त्यानं अर्धा तास सगळ्या कंपन्यांचं पुराण लावलं, आन् मग हळूच खालनं एक बॉक्स काढला. "ह्यात रेकॉर्डिंग व्हतं भाऊ. संध्याकाळी आपोआप भरून घेतो, सकाळी निवांत बघा." आन् मी मूर्ख, खुशीत घेऊन आलो!

आत्याला अक्षर येत न्हवतं, पण रिमोट असा शिकली, असा शिकली… वरनं तिसरं बटान, मग लाल. रोज सातला दिवा लागायचा, बॉक्स भरून घ्यायचा, आन् सकाळी अकराला दोघी म्हाताऱ्या चहा घेऊन बसायच्या. मालिका काय, तर थोरल्या जावंनं धाकटीला विहिरीत ढकललं. ढकललं ते ढकललं! सहा महिने झालं तरी विहिरीतनं नुसतं बुडबुडं येत्यात, धाकटी मेली का जित्ती कुणाला पत्ता न्हाई. आन् त्या बुडबुड्यातच आमची आत्या आजारी पडली. शेवटच्या दिशी माझा हात धरला. मला वाटलं, आता जमिनीचं बोलंल, माझ्या लेकीच्या, हर्षालीच्या लग्नाचं बोलंल. तर म्हणती, "सावळ्या… धाकटी जित्ती हाय का रं?" म्हणलं, "सांगतो आत्या." आन् तेवढ्यात गेली. मी रडलो, राव. लई रडलो.

मग दहावा. नदीवर पिंड मांडल्यालं, समोर कडुलिंबावर कावळा, आन् तो काय हलंना! चुलतभाऊ हात जोडून पुढं झाला, "आत्ये, वाटणीवरनं भांडणार न्हाई." कावळ्यानं तोंड फिरवलं. बायको म्हणली, "आत्याबाई, हर्षालीचं लगीन थाटात करू." कावळा पंख खाजवतोय! बारा वाजले, एक वाजला, पावणं भुकेनं कासावीस. गुरुजी म्हणले, "दर्भाचा कावळा करू का?" आन् मला काय झालं ठाव न्हाई, माझ्याच तोंडातनं निघालं, "आत्या! तुझी मालिका मी शेवटापतूर बघीन, आन् रोज तुला सांगीन!"

झपकन आला, राव! भाताचा घास उचलला, आन् उडायच्या आधी माझ्याकडं बघितलं. असं… मान वाकडी करून. आत्या चष्म्यावरनं बघायची तसं. मी असलं काय मानत न्हाई. पण बघितलं.

त्याच दिशी संध्याकाळी सात वाजता बॉक्सचा दिवा लागला, आन् मी अंगणात आलो तर छत्रीच्या काठावर कावळा! आता तुमीच सांगा, सातला कावळा असतो का? थंडीचं दिस, अंधार पडल्याला, समदी पाखरं कवाच झाडावर. आन् ह्यो एकटा छत्रीवर, गप. ना काव, ना हालचाल. मी आत मालिका बघितली, भाईर आलो, आन् अंधाराकडं तोंड करून सांगितलं, "आज बी बुडबुडंच, आत्या." तवा उडाला.

दीड वरीस! लग्नाला गेलो तरी सातच्या आत घरी. एक दिस म्हणलं, बघूया, आज न्हाई सांगत. आत जाऊन गोधडी घेतली. तर टीव्ही आपोआप लागला… आवाज बंद, पडद्यावर नुसती विहीर, आन् भाईर पत्र्यावर चोच, टक… टक… टक. बायको म्हणली, "अवो, जा की सांगा! त्यांचा जीव अडकलाय." गेलो. काय करता? मी असलं मानत न्हाई, पण बायको मानती ना!

आन् एकदाची संपली मालिका. धाकटी जित्ती निघाली, विहिरीच्या कपारीत बसलेली, साडीची घडी बी मोडली न्हवती! मी अंगणात पळालो, ओरडलो, "आत्या, जित्ती हाय गं, जित्ती!" कावळा उडाला तो परत आला न्हाई. मी दारात बसलो आन् उगाच डोळं भरून आलं. दुसऱ्या दिशी समदं रेकॉर्डिंग पुसलं, रिचार्ज केला न्हाई. सुटलो म्हणलं!

पण एक गोष्ट राह्यली. द्रौपदामावशी. आत्या गेल्यावर तिच्या लेकीनं तिला कळंबला नेली, आन् तिथं नातू टीव्हीवर नुसतं क्रिकेट लावतोय. गेल्या महिन्यात म्हातारीचा फोन, "सावळ्या, धाकटीचं काय झालं रं?" म्हणलं, "मावशे, लांबण हाय, येऊन सांगतो." आज जाऊ, उद्या जाऊ… गेलोच न्हाई.

आन् परवा, सात वाजता, मेलेल्या बॉक्सचा लाल दिवा लागला. पिन उपसली, तरी लागलेला. त्या कंपनीवाल्याचा फोन आपटला आन् अंगणात आलो… छत्रीवर दोन. एकमेकींना खेटून. चहा पिताना बसायच्या तशा. आन् खिशातला फोन वाजला. कळंबचा, मावशीच्या लेकीचा. "सावळूदादा, आई गेली हो, आत्ताच, साडेसहाला."

मी घसा फाडून ओरडलो, "मावशे, धाकटी जित्ती हाय! माफ कर गं!" हलंनात. पुन्ना ओरडलो. दोन्ही माना वाकड्या. मोहिनी, माझी बायको, दारातनं हळूच म्हणती, "अवो, नुसता शेवट सांगून भागतंय व्हय? मावशींचं दीड वरीस बुडलंय. त्यांना मधलं समदं लागंल." आन् मधलं समदं मी माझ्या ह्या हातानं पुसल्यालं!

काल पयल्या एसटीनं जुन्नर गाठलं. रविंद्र म्हणला, "भाऊ, नशीबवान हाय! तीच मालिका दुसऱ्या चॅनलवर पुन्ना लागतीया, पहिल्या भागापास्नं. रोज सातला." आठशे बारा भाग, राव! आठशे बारा! मी म्हणलं, भर फॉर्म. लिवता लिवता इचारतो, "घरात बघणारी माणसं किती?"

म्हणलं, "पाच लिव. खाली आमी तिघं… आन् वर दोघी."