पुंगळ्या डावीकडे पडल्या

जबाब. शेरीफ कार्यालय, टॅलो काउंटी, टेक्सास. शुक्रवार, दि. १० ऑक्टोबर, सकाळी १० वाजून २० मिनिटे.

मी, लोरीन मिकेस्का, वय ४४ वर्षे, व्यवसाय शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी व शेळीपालन, राहणार ड्राय फोर्क रस्ता, टॅलो काउंटी, समक्ष हजर राहून, डेप्युटी साल्दिव्हार यांनी विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. घरामागे जुने चाकांचे घर उभे आहे. त्यात एप्रिल महिन्यापासून माझा धाकटा भाऊ कर्टिस, वय ३९, राहतो. त्याची बायको ट्रीना हिच्या अर्जावरून कोर्टाने त्याला तिच्या व मुलीच्या जवळ जाण्यास दोन वर्षांची मनाई केली आहे. तेवढ्या काळात त्याला बंदूकही बाळगता येत नाही. त्याच्या दोन बंदुका तेव्हाच या कार्यालयात जमा झाल्या. त्या सुनावणीत मी भावाच्या बाजूने साक्ष दिली होती. तो हात उगारणारा माणूस नाही, असे मी शपथेवर सांगितले होते. तेव्हापासून ट्रीना माझा फोन घेत नाही.

सप्टेंबरमध्ये रानडुकरांच्या कळपाने कुंपणाखालून उकरून माझी तीन करडे मारली. वडिलांची एकनळी बंदूक गंजून बाद झालेली आहे. चालती असती तरी एक गोळी झाडून दुसरी भरेपर्यंत कळप निघून जातो. म्हणून चाप ओढेल तशी एकापाठोपाठ गोळी सुटणारी, वजनाला हलकी, सहाशे डॉलरच्या आतली एक रायफल घ्यावी असे मी ठरवले. डुकरे, कोल्हे, साप, सगळ्याला चालेल अशी. मला त्यातले कळत नाही. कर्टिसला कळते. तो म्हणाला, "ताई, तू एकटी गेलीस तर ग्रोटे तुला गुलाबी दस्त्याची टेकवेल, वर म्हणेल शोभून दिसते." मी हसले. तो बऱ्याच दिवसांनी थट्टा करत होता.

शनिवार दि. ४ रोजी सकाळी ११ वाजता आम्ही गावातल्या वेंडेल ग्रोटे यांच्या दुकानात गेलो. कर्टिसने तिथल्या एकाही रायफलीला हात लावला नाही. दोन्ही हात पाठीमागे धरून तो माझ्या शेजारी उभा होता. कोर्टाचा शब्द पाळतो आहे असे मला वाटले व बरे वाटले.

ग्रोटे यांनी आधी एक लहान काडतुसाची दाखवली. कर्टिस म्हणाला, "हिने डुक्कर मरत नाही, नुसतं चिडतं." मग त्यांनी एक लाकडी दस्त्याची काढली. ती माझ्या खांद्याला बरोबर बसली. किंमत पाचशे चाळीस. मला ती आवडली होती. कर्टिस म्हणाला, "हिची गोळ्या भरायची मॅगझिनं मिळत नाहीत. रंगावर जाऊ नकोस, ताई, भांडी घेत नाहीयेस." आणि हनुवटीने खालच्या फळीवरची काळी दाखवली. ती जुनी, एकदा विकली गेलेली होती. ग्रोटे म्हणाले, "ती दीड वर्ष पडून आहे. गिऱ्हाईकच मिळत नाही. घेत असाल तर पाचशे ऐंशी." मी विचारले, गिऱ्हाईक का मिळत नाही? कर्टिस म्हणाला, "कारण लोक नव्याला भुलतात."

मी ती घेतली. छापील अर्जावर, ही रायफल स्वतःसाठीच घेत आहात काय, असा प्रश्न होता. मी 'होय' या चौकोनात फुली मारली व खाली सही केली. ते त्या वेळी खरे होते.

रविवार दि. ५ रोजी प्रार्थनेहून आल्यावर, दुपारी एकच्या सुमारास, आम्ही मागच्या माळावर टोमॅटोचे रिकामे डबे मांडले. मी पहिली गोळी झाडली. गोळीची रिकामी पुंगळी डाव्या बाजूने उडून माझ्या गालाला लागली. दुसऱ्या वेळी ती कॉलरमधून आत गेली व मान भाजली. डेप्युटींना ती खूण दाखवली आहे. मी ओरडले. कर्टिस म्हणाला, "पहिल्यांदा सगळ्यांना होतं. वरचं बटण लाव." मी बटण लावले. तिसरी पुन्हा गालाला लागली.

मग कर्टिसने रायफल माझ्या हातातून घेतली. एप्रिलनंतर त्याने बंदूक हातात घेतलेली मी तेव्हा प्रथम पाहिली. मी हरकत घेतली नाही. त्याने ती डाव्या खांद्याला लावली व दहा गोळ्या झाडल्या. दहाही पुंगळ्या त्याच्यापासून दूर, डावीकडे गवतात पडल्या. एकही त्याला लागली नाही. नऊ डबे पडले.

माझा भाऊ डावखुरा आहे. इतर रायफलींची पुंगळी उजवीकडे उडते. ती डावखुऱ्याच्या तोंडावर येते. त्याची तक्रार मी वर्षानुवर्षे ऐकलेली आहे. लहानपणी जेवताना आमची कोपरे एकमेकांना लागत, म्हणून आईने त्याला टेबलाच्या डाव्या टोकाला बसवले होते. बुटाची नाडी बांधायला त्याला मी शिकवले. शेजारी बसून त्याला जमेना, तेव्हा मी समोर बसले, म्हणजे माझा हात आरशातल्यासारखा त्याला दिसेल. हा भाग गुन्ह्याशी संबंधित नाही असे डेप्युटींनी सांगितले. तो लिहावा अशी माझी विनंती आहे.

विचारल्यावरून सांगते की, होय. रायफल कोणासाठी घेतली गेली हे मला रविवारी दुपारी, दहाव्या गोळीच्या आत कळले. मी त्याला काही बोलले नाही. पुंगळ्या वेचल्या. आत जाऊन मानेला मलम लावले. रात्री त्याला कोलाची, म्हणजे फळ भरलेले गोड पाव, करून वाढली, जर्दाळूची, त्याला आवडतात ती. रायफल कपाटात कुलूप लावून ठेवली. किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर असते, हे त्याला माहीत होते. ती मी तिथून हलवली नाही.

गुरुवार दि. ९ रोजी शाळेतून दुपारी २ वाजून ५० मिनिटांनी घरी आले. कपाटाला कुलूप नीट लावलेले होते. आत रायफल नव्हती. कर्टिसचा ट्रक नव्हता. त्याचा फोन माझ्या टेबलावर होता. सकाळची भांडी त्याने धुवून पालथी घातली होती.

३ वाजून ४० मिनिटांनी या कार्यालयातून मला फोन आला. मधल्या पन्नास मिनिटांत मी काय केले असे विचारल्यावरून सांगते की, मी शेळ्यांना पाणी दिले. नंतर दोन वेळा फोन उचलला व ठेवला. कोणालाही कळवले नाही.

ट्रीना माझ्या घरापासून पूर्वेला राहते. तिने आपल्या रस्त्याच्या तोंडाशी कर्टिसचा ट्रक पाहून गाडी तशीच मागे घेतली, मुलीला शाळेतून उचलले व सरळ या कार्यालयात आली, आणि कर्टिसला तिथेच ट्रकमध्ये रायफलीसह पकडले, हे मला फोनवरून समजले. त्यात माझा काही हात नाही.

आज सकाळी ७ वाजता कर्टिसने कोठडीतून मला फोन केला. तो म्हणाला, "ताई, तुझी मान भाजते म्हणून मी ती ग्रोटेकडे बदलून आणायला नेत होतो. तूच सांगितलं होतंस. एवढंच म्हण."

मी म्हणाले, "ग्रोटेचं दुकान पश्चिमेला आहे, कर्टिस."

तो म्हणाला, "तुला दिशा कधीपासून कळायला लागल्या?" मग म्हणाला, "कोर्टात बोललीसच ना माझ्यासाठी. कागदावर सही तुझी आहे. बुडालो तर दोघं बुडू."

मी म्हणाले, "जेवलास का?" त्यानंतर फोन बंद झाला.

मी त्याला रायफल बदलून आणायला सांगितले नव्हते. नेण्याची परवानगी दिली नव्हती. बदलायला नेलेल्या रायफलीचे मॅगझिन भरलेले का होते, हे मला सांगता येणार नाही. एप्रिलमध्ये मी शपथेवर जे सांगितले होते ते खरे नव्हते. आदल्या उन्हाळ्यात ट्रीनाचा सुजलेला गाल मी पाहिला होता व तिला बर्फ दिला होता. ट्रीनाने मला काही विचारले नव्हते. मीही तिला काही विचारले नव्हते. या कबुलीमुळे माझ्यावर कारवाई होऊ शकते, याची समज मला देण्यात आली आहे.

कर्टिसच्या अंगावरच्या वस्तू, म्हणजे पट्टा, पाकीट, किल्ल्या व बुटाच्या नाड्यांचा जोड, जवळची नातेवाईक म्हणून माझ्या ताब्यात दिल्या. त्या मिळाल्या.

आणखी एक नोंद व्हावी. शनिवारी मी अर्जावर सही करत असताना ग्रोटे समोर उभे होते. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिले, मग त्या रायफलीकडे, मग कर्टिसकडे. "गोळ्यांची एक पेटी माझ्याकडून," असे म्हणाले. दुसरे काही बोलले नाहीत.

हा मजकूर डेप्युटी साल्दिव्हार यांनी मला सावकाश वाचून दाखवला. एका ठिकाणी मी त्यांना थांबवले व पुन्हा वाचायला सांगितले. काही बदलायचे आहे काय असे त्यांनी विचारले. बदलायचे नाही. मी सांगितले तसाच आहे व खरा आहे.

सही : लोरीन मिकेस्का. उजव्या हाताने केली.