शनिवार-रविवार वगळून

मी, खाली सही करणारी, वय ५२ वर्षे, व्यवसाय दंतशल्यचिकित्सा, शिक्षण दंतवैद्यकातील पदव्युत्तर पदवी (विद्यापीठात प्रथम), राहणार बाजारचौकातील औषधांच्या दुकानाच्या इमारतीत दुसरा मजला, पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर राहून समक्ष सांगते की,

माझा दवाखाना त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर आहे. एकामागे एक अशा दोन खोल्या आहेत. आतल्या खोलीत उपचाराची खुर्ची आहे, बाहेरची खोली रुग्णांना बसण्यासाठी आहे. आतल्या खोलीला दुसरा दरवाजा नाही. दोन्ही खोल्यांना विजेचा मीटर एकच असून मेन स्विच बाहेरच्या खोलीत आहे.

ही जागा वडिलांची. ते वारल्यानंतर आईने तिची वाटणी केली. जागेचे दोन तुकडे होण्यासारखे नव्हते, म्हणून तिने आठवड्याचे केले. सोमवार ते शुक्रवार माझे, शनिवार आणि रविवार माझ्या धाकट्या भावाचे. "तुम्ही दोघं म्हणजे माझे दोन डोळे," असे ती त्या वेळी म्हणाली. आईने लेकीला झुकते माप दिले, पाच दिवस कुठे आणि दोन कुठे, असे नातेवाईक आजही बोलतात. त्यांच्यापैकी कोणीही दवाखाना चालवलेला नाही. नोकरी करणाऱ्या माणसाची दाढ मंगळवारी दुखू लागली तरी तो ती दाबून धरतो आणि सुटीच्या दिवशी दंतवैद्य शोधतो. माझे रुग्ण त्या दोन दिवसांबरोबर इतरत्र गेले. मी पाटीवर वेळेखाली 'शनिवार-रविवार वगळून' असे रंगवून घेतले आणि ते पाळले. ओळख, नाते, वशिला यांपैकी कशासाठीही मी अपवाद केला नाही.

माझा भाऊ त्या दोन दिवशी बाहेरच्या खोलीत 'निर्भय संभाषण वर्ग' चालवतो. चारचौघांत न घाबरता कसे बोलावे, हे तो शिकवतो. त्याने अध्यापनाचे कोणतेही शिक्षण घेतलेले नाही. विद्यार्थी त्याला सर म्हणतात. आई, वय ७६, त्याच्याकडे राहते.

गेल्या शनिवारी संध्याकाळी आईने मला फोन केला. डाव्या बाजूची खालची दाढ ठणकते आहे, असे तिने सांगितले. सूज आहे का, असे मी विचारले. "थोडी आहे. तसं काही नाही, तू तुझ्या सोयीनं बघ," असे ती म्हणाली. ती नेहमी असेच म्हणते. मी तिला वेदनाशामक गोळीचे नाव सांगितले आणि सोमवारी सकाळी दहाची वेळ दिली.

ठाणे अंमलदारांनी विचारल्यावरून सांगते की, मी शनिवारीच तिला तपासले नाही, कारण शनिवार भावाचा होता.

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास भावजयीचा फोन आला. "ताई, आईंचा गाल पार टम्म झालाय. तोंड उघडत नाही. चहासुद्धा चमच्यानं पाजला," असे ती म्हणाली. भाऊ कुठे आहे, असे मी विचारले. "हे वर्गाच्या तयारीला बाहेर गेलेत. आज कुणी मोठे पाहुणे यायचेत. फोन बंद असतो त्यांचा." मी आईला दवाखान्यात आणण्यास सांगितले. त्यावर भावजय म्हणाली, "आज? ताई, ह्यांना आधी विचारायला हवं होतं." मी त्याच्या फोनवर निरोप ठेवला. निरोपात आईचा, दाढेचा आणि सुजेचा उल्लेख आहे. तो फोन मी तपासासाठी ठाण्यात देण्यास तयार आहे. भावाने आपला फोन दिला आहे का, हे मला कळवण्यात आलेले नाही.

दहा वाजता भावजय आईला घेऊन आली. बाहेरच्या खोलीत वर्गाच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. रांगा सरळ नव्हत्या. भाऊ अजून आला नव्हता. आईने चपला बाहेरच्या दाराशी काढल्या. तिचा डावा पाय आखूड असल्याने डाव्या चपलेचा तळ जाड आहे. अशी दुसरी चप्पल गावात नसावी. पायाचे माप घेऊन ती भावानेच करवून घेतलेली आहे. भावजय औषध आणते म्हणून खाली गेली आणि खालीच थांबली. "हे आले तर मी वर नको," असे ती म्हणाली.

तपासणीत डाव्या गालाला कडक सूज होती आणि तोंड दोन बोटेच उघडत होते. श्वास आणि गिळणे ठीक होते. अशा वेळी दाढ काढून आतल्या पुवाला वाट करून देणे हा योग्य उपचार आहे. रुग्णालयात का पाठवले नाही, या प्रश्नाचे माझे उत्तर हेच आहे. जे काम मला येते, ते मी केले.

भूल देताना आई म्हणाली, "आज त्याचा दिवस ना गं?"

मी तिला तोंड उघडायला सांगितले.

"लवकर आटप. त्याची माणसं येतील. त्याला ओशाळवाणं वाटेल."

तिने याव्यतिरिक्त काही सांगितले नाही. दुखते आहे असेही सांगितले नाही.

दाढेचा वरचा भाग पोखरलेला असल्याने तो पकडीत तुटून आला. पूही काही प्रमाणात आला. दोन्ही मुळे आत राहिली. हे घडू शकते, यात चूक नाही. अशी मुळे यंत्राने वेगळी करून काढावी लागतात. मी यंत्र हातात घेतले तेव्हा बाहेर वर्ग सुरू झालेला होता आणि भावाचा आवाज येत होता. यंत्र सुरू केल्यावर त्याचा आवाज थांबला. त्यानंतर वीज गेली.

दिवा, यंत्र आणि तोंडातील रक्त ओढून घेणारी नळी एकदम बंद पडली. खुर्चीही विजेवर चालते. आडवी केलेली खुर्ची वीज नसताना उठत नाही. आई पाठीवर आडवी होती आणि तोंडात रक्त साठत होते. मी तिची मान हाताने वळवली, कापूस भरला आणि मोबाइलचा दिवा लावून तो स्वतःच्या दातांत धरला. त्यानंतर तो काढून हाक मारली. बंद दारातून झालेले बोलणे जसेच्या तसे देत आहे.

मी म्हणाले, "लाइट गेली का?"

"गेली नाही, घालवलीये. ताई, आज वार कोणता?"

"मेन स्विच चालू कर. खुर्चीवर रुग्ण आहे."

"रुग्ण सोमवारी. पाटी तूच रंगवून घेतलीस ना?"

"आई आहे."

मग तो म्हणाला, "मग आईला माहितीये आज कुणाचा दिवस आहे ते. वाटणी तिनंच केलीये."

त्यापुढील वाक्ये त्याने मला उद्देशून उच्चारली नाहीत. "मित्रांनो, हे बघा. नाही म्हणायला शिका. घरच्यांना नाही म्हणणं सगळ्यात अवघड. आवाज चढवायचा नाही, मुद्दा सोडायचा नाही." कोणीतरी हसले. खोलीत त्या वेळी वीस-बावीस माणसे होती. ती सर्व न घाबरता बोलायला शिकण्यासाठी आलेली होती. त्यांच्यापैकी एकानेही तोंड उघडले नाही. त्यांचे जबाब घेतले जावेत.

भावाने आपल्या तक्रारीत असे म्हटले आहे की, आई आत आहे हे त्याला खरे वाटले नाही, बहीण सबब सांगते आहे असे वाटले. मी आयुष्यात सबब सांगितलेली नाही. हे माझे मत असून ते जबाबात येत नाही, असे लेखनिकांचे म्हणणे पडल्याने ते सोडून देते. चपला मत नाहीत. त्या दाराशी होत्या आणि तो त्या ओलांडून आत आला होता.

मी दार उघडण्यासाठी वळले तेव्हा आईने माझे मनगट धरले. तोंडात कापूस असल्याने ती काय म्हणाली ते कळले नाही. तिने माझा हात बाजूला केला, खुर्चीच्या कडेने पाय खाली सोडले आणि ती उठली. तिच्या हातात जोर होता. तिने स्वतः दार उघडले. हनुवटीवर रक्त होते. वर्गाकडे पाहून तिने, चालू द्या, अशी हाताने खूण केली.

भावाने मेन स्विच चालू केला. चालू करण्याचे कारण तोवर उरलेले नव्हते.

मी त्याला म्हणाले, "मुळं आत आहेत. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला ने."

तो म्हणाला, "भूल उतरली की बरं वाटेल तिला. ताई, प्रत्येक गोष्ट म्हणजे तुझी परीक्षा नसते."

मी स्वतः आईला रुग्णालयात का नेले नाही, असे ठाणे अंमलदारांनी विचारले. आई भावाचा हात धरून जिना उतरत होती. मी मागे होते. जिना अरुंद आहे.

मी वर येऊन उपकरणे धुतली आणि केसपेपरवर 'उपचार अपूर्ण' असे लिहिले. माझ्या सबंध व्यवसायात हे शब्द मी प्रथमच लिहिले. संध्याकाळी फोन केला असता भावजय म्हणाली, "झोपल्यात. उठवू का?" मी नको म्हणाले.

सोमवारी दहाला आई आली नाही. तिला पहाटे श्वास लागल्याने रुग्णालयात नेल्याचे मला भावजयीकडून त्यानंतर कळले. संसर्ग गळ्यात उतरला होता. श्वासासाठी नळी घालण्यात आली असून ती अद्याप आहे. तेथील शल्यचिकित्सक एके काळी माझ्या हाताखाली शिकलेले आहेत. तपासणीची फिल्म माझ्यापुढे धरून ते म्हणाले, "मॅडम, दोन्ही मुळं तशीच आहेत. असं अर्धवट कुणी सोडलं?"

मी सोडले, असे मी सांगितले.

भावाने माझ्याविरुद्ध 'अनधिकृत प्रवेश' आणि 'आजारी आईवर बळजबरीने उपचार' अशी तक्रार मंगळवारी दिली. मी माझी तक्रार त्याच दिवशी देण्यास आले असता, "बाई, भाऊ-बहिणीचं आहे, घरातच मिटवा. आईच काय म्हणतेय ते बघू," असे मला याच टेबलावर सांगण्यात आले. त्यानुसार महिला पोलीस आईकडे गेल्या. आईला बोलता येत नसल्याने तिने कागदावर लिहून दिले. मजकूर मला वाचायला मिळाला. तो असा: "माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. दाढ माझी होती. मुलीनं घाई केली, मुलाला राग आला. दोघंही दमतात. मी सोमवारपर्यंत थांबायला हवं होतं."

यातील शेवटचे वाक्य वैद्यकीयदृष्ट्या चुकीचे आहे. बाकीच्या वाक्यांबद्दल मला काही म्हणायचे नाही. अक्षर आईचेच आहे.

अतिदक्षता विभागात दिवसाला एकाच नातेवाइकाला पासवर आत सोडतात. सोमवारी रात्री भावजयीचा फोन आला. "ताई, रागावू नका. हे म्हणतात, पासचं आपलं नेहमीसारखंच करू. शुक्रवारपर्यंत तुम्ही जा."

"आईला विचारलंत?"

"विचारलं. त्यांनी मान हलवली."

मी मान्य केले आणि कालपर्यंत रोज जात होते. काल निघताना शल्यचिकित्सकांनी सांगितले की, ताप पुन्हा चढला आहे आणि येणारे दोन दिवस निर्णायक आहेत. मी आईला, येते, असे म्हणाले. तिने बोटाने पलंगाच्या कडेवर काहीतरी लिहिले. ते मला वाचता आले नाही. पास परिचारिकेकडे ठेवून मी घरी आले.

आज शनिवार आहे. त्यामुळे हा जबाब देण्यास मला वेळ मिळाला.

माझी मागणी अशी की, रुग्ण खुर्चीवर असताना वीज तोडणे हा अपराध आहे की घरगुती बाब, हे या ठाण्याने ठरवावे. 'घरातच मिटवा' हे उत्तर मी उत्तर मानत नाही. दुसरे, आणि अधिक तातडीचे: आईच्या वाटणीत खोल्या आहेत, जिना आहे, पाणी आणि मीटर आहे. आईने कोणत्या दिवशी आजारी पडावे हे त्यात कोठेही नाही, आणि शेवटच्या वेळी तिच्याजवळ कोणी असावे हेही नाही. रुग्णालयातून आज किंवा उद्या मला निरोप आला आणि मी तिच्या खोलीत पाऊल ठेवले, तर तो 'अनधिकृत प्रवेश' धरला जाईल किंवा कसे, हे मला आजच कळणे आवश्यक आहे.

वरील मजकूर लेखनिकांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. दोन ठिकाणी 'किरकोळ वाद' असे पडले होते, ते खोडायला लावून प्रत्येक खाडाखोडीपुढे मी सही केली आहे. आता तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. ठाणे अंमलदारांनी मला तोंडी "जा हो ताई, कोण अडवणार तुम्हाला" असे सांगितले. ते मी ऐकले. मला ते लेखी हवे आहे, तारीख आणि शिक्क्यासह. ते मिळेपर्यंत मी याच बाकावर बसून आहे.